वाणात लुटलेली पुस्तकं

काकू वाचायच्या त्या उभ्याने, गॅससमोर. पुस्तक मसाल्याच्या डब्याला टेकवलेलं, एका हातात डाव, आणि पान उलटायला करंगळी, कारण बाकीची बोटं हळदीची. बसून वाचलं की आजारी पडल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. भांडुपच्या आमच्या चाळीत त्यांची खोली आमच्या शेजारची. त्यांच्याकडे काही करपलं की वास थेट आमच्या घरात यायचा. "रंगलं वाटतं पुस्तक," आई म्हणायची.

करपल्याची त्या नोंदही ठेवायच्या. पुस्तक संपलं की शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहायचं, 'भात लागला', 'दूध उतू गेलं, दोनदा'. जे वाचताना सगळं नीट शिजलं, ते पुस्तक त्यांच्या लेखी फुकट. काका कुरकुरले तर म्हणायच्या, "भात काय, उद्या परत शिजतलो. ह्या पान परत पहिल्यांदा वाचूक गावचा नाय." काका गिरणीतून सुटलेले, मवाळ माणूस. करपलेला भात दह्यात कालवून निमूट खायचे.

पुस्तकं पलंगाखाली, माळ्यावर, शिलाई मशीनच्या पायाशी. दिवाळीला साडी नको म्हणून घेतलेली, एकेक. मला नेहमी वाचायला द्यायला बघायच्या आणि मी नेहमी वेळ नाही म्हणायची. "मोबाईल बघूक बरो वेळ गावता तुका!" त्या म्हणायच्या. मी हसून सटकायची. हसण्यावारी नेणं मला फार छान जमतं.

मग चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरलं आणि सगळ्यांना भाड्याच्या घरात जायची वेळ आली. काकूंचा मुलगा संदीप मुलुंडला एक खोली बघून आला. "आई, तिथे आपण राहायचं की तुझ्या पुस्तकांनी?" तो म्हणाला. वाईट मुलगा नव्हे तो. खोलीच तेवढी होती. दोन वाचनालयांनी जुनी पुस्तकं घेत नाही म्हणून सांगितलं. संदीपने रद्दीवाल्याचं नाव काढताच काकू दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत.

शेवटी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी पुस्तकं वाणात लुटली. "वाणाक कोण नाय म्हणत नाय," त्या मला म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. कुणाला कुठलं द्यायचं हे त्यांनी आठवडाभर विचार करून ठरवलं होतं. प्रत्येकीच्या ओटीत पुस्तक, वर तिळगूळ. सासूचा जाच असलेलीला विनोदी, मूल नसलेलीला प्रवासाचं. मला एक जाडजूड कादंबरी. "ही तुझीच गोष्ट. सावकाश वाच, पण वाच," त्या म्हणाल्या. बायका गोड हसल्या आणि जिन्यात बोलल्या, "स्टीलची वाटी तरी द्यायची ना यार." त्यात मीही हसले होते.

खोल्या रिकाम्या करायच्या दिवशी जो तो नको असलेलं मागे टाकून गेला. मोडक्या बादल्या, फाटक्या गाद्या. काकू कुलूप लावण्याआधी सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारून आल्या. मी मागोमाग होते. तीन घरांत त्यांची पुस्तकं जमिनीवर पडलेली होती. त्यांनी ती उचलली, पदराने पुसली. खाली टेम्पोत जागा नव्हती. त्यांनी ती त्या त्या घराच्या कोनाड्यात नीट उभी करून ठेवली आणि खाली उतरल्या. दुसऱ्या दिवसापासून पाडकाम सुरू होणार होतं.

त्या पावसाळ्यात काका गेले. पुढच्या संक्रांतीला कुणीच काकूंना हळदीकुंकवाला बोलावलं नाही. मीही नाही. चार दिवसांनी, हळदीकुंकवाचा विषय निघणार नाही अशा बेताने, मी मुलुंडला गेले. डबे, गॅस, भिंत. वाचायला काही नव्हतं. त्या ओट्याशी उभ्या होत्या आणि भाजीकडे बघत होत्या.

"वाचलंस?" त्यांनी विचारलं.

"हो. छान आहे."

"मगे ती मोठी बहीण शेवटाक घराक परत येता काय?"

"येते ना," मी म्हणाले.

"आसांदे," काकू म्हणाल्या. "चाय टाकतंय, बस."

घरी येऊन मी कादंबरी उघडली. ती बहीण दुसऱ्याच प्रकरणात मेलेली होती. मला इतकी लाज वाटली की रात्रीचं जेवण गेलं नाही. मग मात्र मी रोज वाचू लागले. गोष्ट खरंच माझी होती. घरातल्या सगळ्यांना हसून टाळणारी एक बाई होती त्यात. संपलं की काकूंकडे जाऊन सगळं कबूल करायचं ठरवलं होतं. पण मी सावकाश वाचत राहिले आणि एका सकाळी संदीपचा फोन आला. आई झोपेतच गेली होती.

बाराव्याला चाळीतल्या आम्ही सगळ्या जमलो. जेवणं झाल्यावर संदीप हात जोडून उभा राहिला. "आईचं एखादं पुस्तक कुणाकडे असेल तर द्याल का? तिच्या अक्षरातलं माझ्याकडे काहीच नाही." बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शिफ्टिंगमध्ये गेलं, वाळवी लागली, जाऊबाईंनी नेलं. माझी पाळी आली. कादंबरी माझ्या उशाशी होती, थोडीच पानं उरलेली.

"माझ्याकडे पण नाही रे," मी म्हणाले.

संपल्यावर देऊ, असं मनाशी म्हणत घरी आले. पुस्तक संपून आता बरेच महिने झाले. संदीपचा नंबर माझ्याकडे आहे. मी फोन केलेला नाही.