बर्फावर उतरलेलं विमान आणि रिकामी सीट

विमानाला स्की लावून बर्फावर उतरायचं, ही कल्पना माझी नव्हती, सुहासची होती. विमान माझं, दोन सीटचं, बऱ्यापैकी म्हातारं. लायसन्सही माझं. वेड मात्र त्याचं. मेलबर्नला युनीत, म्हणजे विद्यापीठात असताना आम्ही एका खोलीत राहायचो, तेव्हा मला फ्लाइंग क्लबात ओढत नेलं ते त्यानेच. डोळ्यांच्या तपासणीत तो नापास झाला आणि मी पास. तेव्हापासून तो शेजारच्या सीटवर नकाशा मांडीवर घेऊन बसायचा आणि मला अक्कल शिकवायचा.

यंदा मे महिन्यात त्याने सांगितलं, "आई एकटी पडली रे. जुलैत पुण्याला परत जातोय, कायमचा." मग म्हणाला, "त्याआधी एकदा बर्फावर उतरव मला."

आता स्कीबद्दल थोडं, कारण कुणी विचारेलच. साधी स्की म्हणजे चाक काढून तिथे लावायची फळी. हलकी, स्वस्त, पण फक्त बर्फावरून उडते आणि बर्फावरच उतरते. दुसरा प्रकार चाकासकट. हातपंप मारला की स्की खाली येते, पुन्हा मारला की वर जाते आणि चाकं जमिनीला लागतात. गवतावरून उडा, बर्फावर उतरा. मात्र ही जड, साधीच्या दुपटीहून जास्त.

इथे ऑस्ट्रेलियात जुलैत हिवाळा; बर्फाळ डोंगरांतल्या अडामिनाबीजवळच्या रॉस नावाच्या मेंढपाळाकडून आम्ही उडणार होतो. त्याची स्वतःची धावपट्टी आहे आणि वर डोंगरात बर्फ धरणारं खाजगी कुरण. त्याच्या शेडमध्ये साध्या स्कीची एक जोडी पडून होती. फोनवर तो म्हणाला, "मेट, माझ्या घेऊन जा. धावपट्टीच्या वरच्या कडेपर्यंत बर्फ खाली येतो, तिथून उडता येईल. दोघं आरामात मावाल."

पण मी पडलो आयटीतला. सतरा कॉलमची एक्सेल शीट केली, चार फोरम वाचले, कॅनडातल्या एकाला मेल करकरून भंडावलं. दोन्हीकडे चालणारं मिळत असताना एकाच कामाचं कोण घेणार? जड जोडी मागवली. त्या पैशात बरी सेकंडहँड गाडी आली असती. शीटमध्ये सुहासचं वजन ६८ किलो भरलं होतं. तो युनीतला आकडा. नुसत्या चाकांवर वजनाला भरपूर वाव असतो, त्यामुळे तोच मी वर्षानुवर्षं पुढे ढकलत आलो होतो.

स्की बसवून, कागदावर सही करून मेकॅनिकने विमान आधीच एकट्याने रॉसकडे नेऊन ठेवलं. बर्फावर उतरण्याचं प्रशिक्षण मी गेल्या वर्षी न्यूझीलंडला जाऊन घेतलं होतं. जुलैतल्या एका गुरुवारी सकाळी सहाला मेलबर्नजवळच्या ट्रुगानिनाहून आम्ही गाडीने निघालो. ह्यूम हायवे सरळसोट आणि कंटाळवाणा, गंडगायला वळायचं, मग टूमट, मग चढ. बर्फासाठी चाकांच्या साखळ्या जवळ ठेवा. जेवणखाण म्हणाल तर माझ्या बायकोचे धपाटे आणि दाण्याची चटणी. शिवाय गंडगायच्या बेकरीत व्हेज पेस्टी, म्हणजे भाजी भरलेली मोठी करंजी, चांगली मिळते. थांबे धरून नऊ तास लागले. मोटेलवाल्याला हीटर चालतो का हे आधी विचारा, आम्ही विचारलं नव्हतं.

वाटेत सुहास सारखा हवामान बघत होता. "शुक्रवारी सकाळी क्लिअर आहे. शनिवारचं काही सांगता येत नाही." रविवारी त्याचं पुण्याचं विमान.

शुक्रवारी आभाळ खरंच स्वच्छ होतं. रॉस सत्तरीपुढचा, हातात कपभर चहा. विमानाभोवती एक फेरी मारून तो म्हणाला, "सुंदर आहेत. पण फार लोखंड आहे यात. तुझ्या मित्राचं वजन केलंस?"

मी म्हणालो, "केलंय ना, शीटमध्ये आहे."

"शीटमध्ये नाही," रॉस म्हणाला, "काट्यावर."

त्याच्या लोकर कातरायच्या शेडमध्ये गासड्या मोजायचा काटा होता. सुहास त्यावर जॅकेट, बूट, कॅमेऱ्यासकट हसतहसत चढला. ब्याण्णव. मी चढलो, मीही माझ्या आकड्यापेक्षा अकरा किलोने जास्त निघालो. सुहासने कॅमेरा काढला, बूट काढले, जॅकेट काढलं. शेवटी तो मोज्यांवर उभा होता आणि तरी विमानाच्या वजनमर्यादेत हिशेब बसत नव्हता. इंधन कमी करता आलं असतं, पण डोंगरात राखीव इंधनाला हात लावायचा नाही, एवढी शिस्त मला आहे. रॉसच्या स्की बसवायच्या तर अख्खा दिवस हवा आणि मेकॅनिकची सही हवी. मेकॅनिक केव्हाच मेलबर्नला परतला होता.

"उद्या?" मी विचारलं.

रॉसने पश्चिमेकडे बघितलं आणि नकारार्थी मान हलवली.

सुहास बुटांच्या नाड्या बांधत होता. "तू जा यार. एवढं आणलंय तर उतरून तरी ये."

"तुझ्याशिवाय काय जाऊ?"

"नाटकं नको करूस. जा. आणि धपाट्यांचा डबा घेऊन जा, रिकामा झालाय. बर्फ भरून आण."

मी गेलो. जायला नको होतं, असं आज वाटतं. तेव्हा मात्र गेलो. वीस मिनिटांत कुरण खाली दिसलं, पांढरंशुभ्र, कडेला वाळक्या निलगिरीच्या झाडांची रांग. पंप मारला, स्की खाली आल्या. उतरताना धक्कासुद्धा बसला नाही, सायीवर चमचा ठेवावा तसं विमान टेकलं. सवयीने मी उजवीकडे वळून म्हणालो, "बघितलंस?" त्या सीटवर डबा होता.

खाली उतरलो, डबा भरला, दोन फोटो काढले आणि लगेच परतलो. जास्त वेळ थांबवेना.

परत आलो तर सुहास धावपट्टीच्या टोकाला उभा. त्याने माझ्या हातातून डबा घेतला, रॉसच्या स्वयंपाकघरात गेला आणि अर्धवट वितळलेला तो बर्फ भांड्यात ओतून उकळायला ठेवला. त्यात चहा पावडर, साखर, आणि रॉसचं दूध.

"कसा झालाय?" मी विचारलं.

"फिका," तो म्हणाला, आणि पूर्ण कप प्यायला.

शनिवारी ढग डोंगरावरून खाली उतरले आणि विमान तूर्त रॉसकडेच ठेवून आम्ही गाडीने पावसात घरी आलो. वाटेत तो बरंच बोलला, आईबद्दल, पुण्यातल्या नोकरीबद्दल. विमानाबद्दल एक अक्षर काढलं नाही. त्याने एकदा शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. रविवारी एअरपोर्टवर बॅगा काट्यावर ठेवताना मात्र माझ्याकडे बघून हसला.

तुम्ही स्की घेणार असाल तर माझा सल्ला एवढाच. आधी कुणाला बरोबर न्यायचं ते ठरवा, त्याला काट्यावर उभं करा, आणि मग काय परवडतं, काय दोन्हीकडे चालतं ते बघा. मला सगळीकडे उतरता यायला हवं होतं. सुहासला फक्त एकदा, एका ठिकाणी उतरायचं होतं.

मागच्या आठवड्यात मी रॉसला फोन केला. विचारलं, त्या साध्या स्की अजून आहेत का?

"आहेत की," रॉस म्हणाला. "पुढच्या हिवाळ्यात ये, बसवून देऊ. बरोबर कोण येणार आहे?"