पोळ्याच्या दिवशी मोटारीवर घातलेली झूल

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा काडीचा संबंध नाही त्यांना तर आवर्जून, कळवण्यात येतं की एका काळ्या मोटारीच्या डाव्या मडगार्डाविषयी मी आज निवेदन करणार आहे. उभे असाल तर बसा. बसला असाल तर सावरून बसा. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, जिवलग मित्रांना नाही. देवाला सगळं आधीच ठाऊक असतं म्हणतात, म्हणून त्यालाही नाही!

गोष्ट एकसष्ट-बासष्ट सालची. माझे थोरले भाऊ, अण्णा, यांनी शहाद्याच्या एका व्यापाऱ्याकडून जुनी मोटार घेतली आणि आमच्या ब्राह्मणपुरीत तीन दिवस कुणी धड शेतात गेलं नाही. काय ते रूप! गोल पाठ, चकचकीत डोळे, आणि हॉर्न असा की म्हशी दावं तोडायच्या. अण्णांना स्वतःला चाकाची धास्ती. म्हणून व्यापाऱ्याचा ड्रायव्हर आठ दिवस राहून मला शिकवून गेला. अण्णांची बायको, आमच्या वहिनी, मागच्या सीटवर बसून नुसत्या बघत होत्या. नवव्या दिवशी म्हणाल्या, "भाऊजी, उठा जरा."

उठलो. वहिनींनी पदर खोचला आणि केळीच्या बागेकडच्या गाडीवाटेनं मोटार विहिरीपर्यंत नेली, वळवली, आणली. कडब्याच्या दोन गंजींमधून उलटी काढली — उलटी! मला ते आजतागायत जमलेलं नाही. अण्णा हरखले. रोज संध्याकाळी वहिनी विहिरीपर्यंत जाऊन येऊ लागल्या. वहिनींचं माहेर म्हसावद. त्यांनी सगळ्या घरासमोर जाहीर करून टाकलं, "येती आखाजीले मी सोता गाडी चालाडत माहेर जासू!" आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे प्रत्येक लेक माहेरी जाते, झोक्यावर बसते, गाणी म्हणते. पण चाकामागे बसून गेलेली लेक? खानदेशात झालीच नव्हती. वहिनी दिवस मोजू लागल्या.

आता पोळा. सकाळी पुरुषमंडळी बैल घेऊन नदीवर. मी म्हटलं, बैलांची आंघोळ, मग मोटारीची का नको? जनावरं पाणी पितात त्या वाड्यामागच्या दगडी हाळाकडे मी ती घेऊन निघालो. डोक्यावर नवा फेटा होता. आरशात — कबूल करतो — मी रस्ता नाही, फेटा बघत होतो. धप्प! डावी बाजू हाळावर आदळली. स्वयंपाकघरातला वहिनींचा पाट्यावर पुरण वाटण्याचा आवाज क्षणभर थांबला. मग पुन्हा सुरू झाला. मला वाटलं, वाचलो.

डाव्या मडगार्डाला पोचा केवढा? आत मांजर झोपलं असतं. आणि दुपारी जेवायला कोण येणार होतं? धुळ्याचे विमेवाले साहेब, मोटारीचा विमा उतरवायला!

माणूस घाबरला की त्याला प्रतिभा फुटते का हो? मला फुटली. मी मोठ्या बैलाची आरसे लावलेली झूल आणली, बॉनेटवरून डावीकडे झोकात सोडली, झेंडूचा हार घातला आणि ओरडलो, "हाऊ बी आपला बैलच शे!" अख्खा गाव टाळ्या वाजवत आला. वहिनींनी मोटारीला ओवाळलं, कुंकू लावलं. साहेबांनी तपासणीसाठी झुलीला हात घातला, तर मी त्यांचा हातच धरला. "साहेब, पोळ्याची झूल दिवस मावळल्याशिवाय काढत नाहीत!" असली रीत कुठेच नव्हती. पण म्हाताऱ्यांनीसुद्धा माना डोलावल्या. पुढच्या वर्षापासून गावानं ती पाळायला घेतली.

पुरणपोळी झाल्यावर साहेबांनी कागद मांडले. दोन तऱ्हा होत्या. एकीत हप्ता कमी, पण मोटारीला काही झालं तर पहिले दोनशे रुपये आपले, त्यावरचे कंपनीचे. दुसरीत हप्ता भारी, पण आपल्या अंगावर फक्त पहिले पन्नास. आपल्या अंगावरच्या या रकमेला गावानं लगेच नाव ठेवलं — पहिला मार. पहिला मार मोठा घ्यायचा की लहान?

माझा जीव लहानात अडकला होता. विमा एकदा चालू झाला की चार दिवसांनी तोच पोचा नव्यानं 'पडणार' होता, पन्नासावरचं कंपनी भरणार होती! ही लबाडी आहे, हे कळत होतं मला. पण अण्णा म्हणाले, "मोठा लिखा साहेब. मन्हा भाऊ चालाडस. मार बसावच नही!"

सांगा, असा विश्वास कुणाच्या वाट्याला येऊ नये की नाही? मी म्हणू शकलो असतो, अण्णा, तुमचा भाऊ आरशात फेटा बघतो. एवढंच. त्याऐवजी — इथे मी जरा थांबतो — त्याऐवजी मी हसून म्हणालो, "माझं ठीक आहे हो. पण वहिनीही चालवतात ना. बाईमाणसाचा हात. कधी ठोकतील, नेम काय?"

ओसरी हसली. दाराआड बांगड्या वाजायच्या थांबल्या.

अण्णा हसले नाहीत. म्हणाले, "मंग ती चालाडावच नही. मोठा लिखा."

झालं! पहिला मार मोठाच राहिला, आणि चाक गेलं वहिनींचं.

दुसऱ्या दिवशी झूल निघाली, पोचा दिसला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वहिनी विहिरीपर्यंत गेल्या होत्या. तिथे पाणी उपसायच्या इंजिनाच्या खोपीला एक खांब आहे. अण्णांनी कुणालाही न विचारता दोन आणि दोन चार केले. शहाद्याच्या पत्रेवाल्यानं पोचा ठोकून काढला, पैसे सगळे आपलेच गेले. आणि अण्णा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तू बरोबर सांगं व्हतं रे!"

मी ती थाप घेतली. नुसती घेतली नाही, चार गावांत सांगत फिरलो — माझी दूरदृष्टी! किल्ली अण्णांच्या करदोड्याला गेली, आणि त्यानंतर वहिनींनी कधीही चाकाला हात लावला नाही.

आखाजीला त्यांना म्हसावदला मीच घेऊन गेलो. त्या मागच्या सीटवर, मांडीवर सांजोऱ्यांचा डबा. माहेरच्या अंगणात झोके थांबले, पोरीबाळी धावत आल्या. त्यांच्या थोरल्या बहिणीनं खिडकीत वाकून विचारलं, "काय वं, तू चालाडनार व्हती ना?" वहिनी हसल्या. "भाऊजींना हात बरा शे," म्हणाल्या. मी मिशीवरून हात फिरवला आणि सगळ्यांच्या देखत, ऐटीत, मोटार उलटी वळवायला घेतली. पोळ्यापासून त्या दिवसापर्यंत आमच्या घरात ज्याच्या-त्याच्या तोंडी तो विहिरीवरचा खांब होता. दुसऱ्या कशाचं नाव कुणी काढलं नव्हतं. आणि मागून वहिनींच्या तोंडून एकदम निघून गेलं —

"भाऊजी, डावीकडे दखा! इथं बी हाळ शे!"