अर्ध्याचा अर्धा

"गुणाकार करून घटतंय कसं, सर?" अंबरपेठच्या आमच्या मराठी शाळेत चौथीतल्या एका मुलीचा बाप असा ओरडत होता, की पार आबिड्सच्या दुकानांची शटरं हलली असतील. फळ्यावर मी चौकोन काढून त्याचा उभा अर्धा पिवळ्या खडूनं रंगवला होता, आडवा अर्धा निळ्यानं. दोन्ही रंग जिथं एकावर एक आले, तो पाव भाग म्हणजे अर्धा गुणिले अर्धा. हे वर्गात सगळ्यांआधी त्याच्याच पोरीला कळलं होतं, आणि आदल्या दिवशी तिनं ते बापाच्या ताटातल्या भाकरीवर करून दाखवलं होतं. "घरोघरी रंगीत टीव्ही येऊ लागले, सगळा देश वाढायला निघाला, अन् तुम्ही लेकरांना घटवायला शिकवता. नक्को ही शाळा." पोरगी फळ्याशी गेली आणि चौकोनावर बोट ठेवून त्याला समजावू लागली. त्यानं तेच बोट धरून तिला नेलं, ते थेट विद्यानगरच्या इंग्लिश शाळेत. वर्षभरानं ती रस्त्यात भेटली, गळ्यात हातभर टाय. मी विचारलं, "अर्धा गुणिले अर्धा?" "वन बाय फोर, सर." "कसं काय, सांग बघू." ती म्हणाली, "तसं कुणी विचारत नाही तिथं."