ताईंनी तारे बंद केले

हेमलता म्हात्रे, आमच्या ताई, गेल्याची बातमी त्यांच्या पेटीच्या क्लासच्या ग्रुपवर आली. सून प्राचीने लिहिलं होतं, 'आई आज पहाटे गेल्या.' खाली जोडलेले हात, आणि त्यांच्यामध्ये एका पालकाचा प्रश्न : 'शनिवार को क्लास है क्या?' अनेकांना तो खटकला. ताईंना खटकला नसता. हॉस्पिटलमध्ये मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांनीही तेवढंच विचारलं होतं, क्लास बुडाला तर नाही ना...

आम्ही भाईंदर पश्चिमेला एकाच इमारतीत राहायचो. ताई मूळच्या इथल्याच, मिठागरं असलेल्या घरातल्या. गावच्या भजनात पेटी पुरुषांची. मुली दाराबाहेर बसून ऐकायच्या. लहानपणी त्यांनी बुवांकडे स्वर लिहिलेला कागद मागितला. बुवा म्हणाले, "वाचायचं न्हाय, आयकायचं. आन् पोरींनी लांबूनच." ताई हे वाक्य बुवांच्या आवाजात म्हणून दाखवायच्या आणि पुढे जोडायच्या, "ऐकायला कुणीतरी जवळ बसू द्यावं लागतं. वाचायला कुणाची परवानगी लागत नाही."

पेटी त्या लग्नानंतर शिकल्या, स्वरलिपी त्याहून उशिरा. म्हणून घरात लहान मुलांचा क्लास सुरू केला तेव्हा त्यांनी वाचन आधी ठेवलं. मुलगा-सुनेने टॅब आणून दिले. त्यातल्या अ‍ॅपमध्ये पडद्यावर स्वर देवनागरीत उमटतात, मूल पेटीवर ते वाजवतं, टॅब ऐकतो आणि बरोबर आलं की तारे देतो. मुलं चार-पाच वर्षांची, बरीचशी गुजराती आणि हिंदी बोलणारी. काहींनी आयुष्यात पहिलं देवनागरी अक्षर वाचलं ते 'सा'. एक जुने गायक हे बघून म्हणाले, "कानाची विद्या तुम्ही डोळ्यांच्या हवाली केलीत."

"डोळेही माझेच आहेत," ताई म्हणाल्या आणि त्यांना चहा दिला.

मग ताऱ्यांचं प्रकरण झालं. क्लासमध्ये एका टॅबवर तानपुरा लावलेला असायचा. सुरुवातीचे धडे फक्त 'सा' आणि 'प'चे, आणि तानपुऱ्यात तेच दोन स्वर. एका मुलीच्या लक्षात आलं की हात मांडीवर ठेवून बसलं तरी टॅब तानपुराच ऐकतो आणि तारे मिळतात. आठवड्याभरात सगळा वर्ग तसाच बसू लागला. पालकांच्या फोनवर तारे पोचत होते, पालक खूश होते. खुद्द ताईंनाही मुलांची प्रगती झाल्यासारखी वाटली होती. कळल्यावर त्या खूप हसल्या आणि त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन तारे बंद केले. तानपुरा चालू ठेवला.

पालक आले. "टीचर, स्टार नहीं दिखेगा तो हमको कैसे पता चलेगा?"

"बाजू में बैठो और सुनो."

"टाइम किधर है?"

"बच्चे के पास भी नहीं है. फिर भी आता है ना?"

काही मुलं दुसऱ्या क्लासला गेली. मुलगा म्हणाला, "आई, तानपुरा बंद कर, तारे राहू दे. क्लास तरी टिकेल." ताई म्हणाल्या, "दहा राहिली तर दहांना शिकवीन. दोन राहिली तर दोघांना. पण ताऱ्यांसाठी कुणाला वाजवायला लावणार नाही." शेवटपर्यंत त्यांनी ते बटण पुन्हा चालू केलं नाही.

त्यांच्यामागे काही आठवड्यांनी पालकांनी प्राचीसमोर प्रस्ताव ठेवला. ताईंच्या नावाने स्पर्धा, मोठ्या पडद्यावर प्रत्येक मुलाचे तारे, जिंकणाऱ्याला ताईंचा फोटो छापलेलं प्रमाणपत्र. हेतू वाईट नव्हता. प्राची शांतपणे म्हणाली, "त्यांनी जे बंद केलं तेच त्यांच्या नावाने सुरू करायचं? नाही जमणार." आणखी दोन मुलं कमी झाली.

क्लास चालू आहे, आता प्राची घेते. परवा शनिवारी मी खाली गेलो. पडद्यावर नवी ओळ होती. अशा वेळी ताईंचा शिरस्ता ठरलेला : पहिल्या खेपेस भाता हलवायचा नाही. स्वर मनात वाचायचा आणि बोट नुसतं पट्टीवर टेकवायचं. मुलं तेच करत होती. खोलीत पट्ट्यांची टकटक, बाकी काही नाही. दारात उभ्या एका नव्या आईने काळजीने विचारलं, "आवाज़ क्यों नहीं आ रहा?"

प्राचीने मान वर केली नाही. "पढ़ रहे हैं," ती म्हणाली.