चुलीवर टांगलेली फीत

मुळशीकडच्या एखाद्या घरात चुलीच्या वर टांगलेलं गाठोडं दिसलं, की मला ती चोरी आठवते.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी तिथल्या पोलीस ठाण्यात फौजदार होतो. पुण्याच्या एका हौशी गृहस्थांनी कोळवण खोऱ्यात घर घेऊन रेकॉर्ड कंपनी काढली होती. कंपनी म्हणजे एक खोली, ध्वनिमुद्रणाचं यंत्र आणि दारावर भली मोठी पाटी. गावातल्या चौघांचा एक ग्रुप होता. गिटार, ढोलकी, पेटी आणि एक गायिका. लग्नात, गणपतीत स्वतःची नव्या चालीची गाणी म्हणायचे आणि पोरं नाचायची. त्यांची पहिली रेकॉर्ड निघणार होती. ऐन भातलावणीत गाणी भरलेली फीतच चोरीला गेली.

फिर्यादी म्हणजे ते गृहस्थच. त्यांनी संशयित म्हणून गायिकेचं नाव दिलं. बौद्धवस्तीतली, रोजाने भातलावणीला जाणारी मुलगी. पंचनामा करताना मला एक गोष्ट खटकली. महागडं यंत्र जागच्या जागी होतं. पैशासाठी चोरणारा ते कशाला सोडेल?

तिला वडिलांसह ठाण्यात बोलावलं. पाय चिखलाने माखलेले, पण मान ताठ.

"माजाच आवाज मी कशापायी चोरू, सायेब?" ती म्हणाली. "तसंबी त्ये पुसणारच व्हते."

हे सांगायला फिर्यादी सोयीस्कर विसरले होते! तिचे उच्चार त्यांना गावंढळ वाटत. म्हणून ती गाणी पुसून त्याच फितीवर शहरातल्या गायिकेकडून पुन्हा गाऊन घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं.

एसटी थांब्यावरच्या चहावाल्याने खबर दिली, की यावरून ढोलकीवाला फिर्यादींशी कडाकडा भांडला होता. हा खात्यापित्या शेतकरी घरातला. ठाण्यात आणला तर ढिम्म. "मला ठावं न्हाई" यापलीकडे शब्द नाही. अशा माणसावर हात उचलून काही निघत नाही, हा माझा अनुभव. मी त्याला चहा पाजला आणि त्याला घेऊन त्याच्या घरी निघालो.

पोलीस पाटील आणि पंच यांच्यासमोर झडती घेतली. माळा, भाताची कणगी, गोठा, कुठे काही नाही. स्वयंपाकघरात चुलीच्या वर ढोलकी टांगलेली होती. तिकडच्या पावसात कातडं सादळू नये म्हणून ती उबेला ठेवतात. शेजारी तशीच एक पिशवी होती.

"हे काय रे जोडीला?" मी विचारलं. त्याने स्वतःच पिशवी खाली उतरवली. आत फीत होती.

"पुसू द्यायची न्हवती, सायेब. दमटानं खराब हुईल म्हून लई जपली."

ओळख पटवायला फिर्यादींनी यंत्र ठाण्यात आणलं. चुलीच्या उष्णतेने फीत आक्रसली होती. गाणं ओढल्यासारखं, वेडंवाकडं निघालं, एक शब्द कळेना. ढोलकीवाला भिंतीकडे तोंड करून रडू लागला. मलाही वाईट वाटलं. गायिकेने मात्र शेवटपर्यंत ऐकलं.

"गप, दादा," ती म्हणाली. "तुजी ढोलकी तरी वळखू येतीया."

फिर्यादी मान खाली घालून बसले. पुढे कोर्टाच्या परवानगीने त्यांनी प्रकरण मिटवलं आणि पावसाळा सरायच्या आत कंपनीची पाटीही उतरली.

त्यानंतर झडतीला गेलो, की त्या-त्या घरातली सगळ्यात जपलेली वस्तू मी आधी शोधायचो. पुष्कळदा उपयोग झाला. त्या दिवशी मी 'मुद्देमाल हस्तगत' असं लिहिलं, पंचांनी खाली सह्या केल्या. तिचा आवाज मात्र कुणाच्याच हाती लागला नव्हता.