काट्यावरचा पुदिना

वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात मावशींनी कधी काही मोजलं असेल तर शप्पथ. रोज संध्याकाळी हिरवं सूप व्हायचं, पालक-बटाट्याचं, आणि वरून पुदिना. तो मुठीने. मूठ पातेल्यात पडली की मावशी वाफेवर वाकायच्या, वास घ्यायच्या आणि कधी अर्धी मूठ आणखी टाकायच्या, कधी नाही. सगळा कारभार त्या नाकावर चाले, आणि ते नाक थंडीतल्या एका तापात गेलं. ताप उतरला, वास काही परत आला नाही. चवही निम्मीशिम्मीच उरली.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगतील कशा? संस्थेचा नियमच होता, स्वयंपाकीण कामावर असेल तोवर तिच्या घरच्या एका माणसाला खाट फुकट. त्या खाटेवर मावशींची थोरली बहीण, ताई, होती, अंथरुणाला खिळलेली. काम गेलं की खाट गेली, आणि दोघींना दारात उभं करील असं दुसरं घर नव्हतं. तेव्हा मावशींनी तोंडाला कुलूप लावलं.

पण नाकाशिवाय मुठीला काय कळतंय? म्हणून त्यांनी कप धरला. पहिल्या दिवशी पानं सैल भरली, तर सूप म्हणजे नुसतं गरम पाणी. दुसऱ्या दिवशी दाबून भरली, तर एका आजोबांनी कडू म्हणून चमचा खाली ठेवला. कप तोच, पानं तीच, आणि ही तऱ्हा. मग मावशींनी भाजीचा काटा पुढे ओढला. सैल कप जोखला, दाबलेला जोखला, तर वजनात दुपटीचा फरक. बरं, वजनावर भरवसा ठेवावा तर जुडी ओली आली की पाणीच जोखलं जायचं. म्हणून पानं आधी खुडायची, देठ बाजूला काढायचे, पानं फडक्यात कोरडी करायची आणि मगच काट्यावर ठेवायची. असं करता करता एकदाचा मेळ बसला.

"मावशी, तुमचा हात परत आला बरं का," मॅनेजरबाई म्हणाल्या. मावशींना रडू फुटायचंच बाकी होतं. वाटलं, निभेल.

कसलं निभतंय. एका दुपारी भाजीच्या टेम्पोत फिनेलचा कॅन पुदिन्यावर कलंडला. भाजीवाल्याने जुड्या गपचूप पाण्यातून काढल्या आणि दिल्या पाठवून. पानं अशी हिरवीगार की बघत राहावं. मावशींनी ती खुडली, कोरडी केली, जोखली. काटा जिथे थांबायचा तिथेच थांबला. पानं उकळत्या सुपात गेली आणि मावशी ढवळू लागल्या.

मागे भांड्यांचा आवाज बंद झाला. वळून पाहिलं तर भांडी घासणारी बाई नाक दाबून दारात उभी. तेवढ्यात मॅनेजरबाई जिना उतरून धावत आल्या, त्याही नाकावर रुमाल धरून.

"मावशी, काय घातलंत यात?"

"पुदिना. नेहमीचाच. जोखून घातलाय."

"अहो, वरपर्यंत फिनेलचा वास सुटलाय, आणि तुम्ही पातेल्यावर वाकून उभ्या आहात." बाई बोलता बोलता थांबल्या. "तुम्हाला वास येत नाही?"

मावशींच्या हातातला डाव थांबला. "थंडीपासून नाही," त्या म्हणाल्या.

बाई वाईट असत्या तर चार शिव्या तरी देता आल्या असत्या. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, सूप ओतून टाकलं. "आज थोडक्यात वाचलो. उद्या कुणी म्हातारं माणूस दगावलं तर मी काय तोंड दाखवू?" बाईंचं खरंच होतं. महिनाअखेरपर्यंत राहा, तोवर ताईंची कुठे सोय होते का बघा, असं म्हणून बाई गेल्या. सोय म्हणे. ती काय झाडाला लागते?

मावशी ताईंच्या खाटेशी गेल्या. उशी सारखी करायला हात पुढे केला, तशी ताईंनी तोंड फिरवलं.

"कसला गं घाण वास येतोय तुझ्या हाताला?"

मावशींनी हात नाकाशी नेला आणि छाती भरून श्वास घेतला. काही नाही. मग त्या न्हाणीत गेल्या आणि साबणाने हात घासत बसल्या. वास गेला की नाही, हे त्यांना कळायला मार्गच नव्हता.