सासूबाईंना ऐकू जाईल अशी फाईल

शाळा मी चौथीत सोडली. इंग्रजी अक्षरं मला लांबून नमस्कार करण्यापुरती ओळखीची. सातपूरला कंपनीत मशीनवर असतो आन सुट्टीच्या दिवशी घरात बेंजो वाजवतो. शेजारी म्हणतात, कंपनीनं सुट्टी नाय दिली तर बरं.

चांदवडला सासूबाईंची पंच्याहत्तरी होती. मेव्हण्यानं जुन्या फोटोंचा व्हिडिओ करायला सातपूरच्याच एका शूटिंगवाल्याकडं दिला होता. बायको म्हणली, मागं गाणं आपण घरचं लावू. तिनंच आईवर चार ओळी रचल्या, चाल पण तिचीच. अडचण एकच. सासूबाईंना कमी ऐकू येतं. नुसतं जोरात लावलं तर त्यांना गलका वाटतो, साफ असलं तर समजतं.

"आईला कळलं पायजे, मी म्हणतेय ते," बायको म्हणली. बाकी तिचं काय मागणं नव्हतं.

मी मोबाईलवर रेकॉर्डिंगचं ॲप घेतलं. पंखा बंद केला, कुकर उतरवला. ॲपात एकाखाली एक पट्ट्या असतात, पायजे ती बंद करता येते. एका पट्टीत बायकोचा आवाज घेतला, दुसऱ्या पट्टीत माझा बेंजो. फाईल काढताना ॲपनं विचारलं, एमपीथ्री का वेव्ह? वेव्ह लय मोठी दाखवत होती. माझ्या मोबाईलात जागा कुठं? सगळ्या जागेत माझ्याच वाजवण्याचे व्हिडिओ. ते कोणी बघत नाय आन मी पुसत नाय. मग एमपीथ्रीची बारकी फाईल काढली आन व्हॉट्सॲपवर धाडून दिली.

शूटिंगवाल्याचा फोन आला. गाणारी बाई पिंपात बसलीय का, म्हणे. आवाज दबलाय, हॉलच्या स्पीकरवर नुसती घरघर होईल, मला वेव्ह द्या.

एवढंच ना, म्हणलं. व्हॉट्सॲपवर गेलेलीच फाईल उचलली, बायकोच्या मोबाईलवर दुसऱ्या एका ॲपात घातली आन तिची वेव्ह केली. अशी फुगली फाईल! म्हैस पोसल्यासारखी मी ती बायकोला दाखवली. मग पेनड्राइव्हवर घेऊन ऐटीत त्याच्या दुकानात गेलो.

त्यानं थोडं ऐकलं आन थांबवलं. "भाऊ, बेदाणे भिजवले म्हणून द्राक्षं होत नाय."

पहिल्यांदा बारकी करतानाच जे गेलं ते गेलं, म्हणला, आता कितीबी फुगवा. जिथं रेकॉर्ड केलं तिथूनच थेट वेव्ह काढायची. घरी येऊन मी माझे व्हिडिओ पुसायला बसलो. बायको म्हणली, ठेवा की एखादा. एकबी ठेवण्यासारखा निघाला नाय.

दुसऱ्या दिवशी वेव्ह काढली आन मोबाईलच घेऊन दोघं दुकानात गेलो. त्यानं वायर जोडून मोठ्या स्पीकरवर लावलं. सगळं लख्ख. तिची बांगडी वाजलेली पण ऐकू आली. आन माझा बेंजो! दाबलेल्या फाईलनं आजपर्यंत माझी अब्रू झाकली होती. बायको गाताना जरा हळू झाली की मी मधी घुसायचो, पंगतीत दुसऱ्याच्या ताटात हात घातल्यासारखा. शूटिंगवाला पंख्याकडं बघत बसला.

"छान वाजवलंय तुम्ही," बायको म्हणली. तोंड मात्र उतरलेलं. या आवाजात आईला ती सापडणार नाय, हे तिला कळलं होतं आन मलाबी.

मी ॲप उघडलं आन माझी पट्टी बंद केली.

"अहो, राहू द्या की. एवढं बसून वाजवलंत."

"तुझ्या आईला माझा बेंजो ऐकू येत नाय," मी म्हणलं, "तेवढं तरी सुख ऱ्हाऊ दे म्हातारीला."

शूटिंगवाला पहिल्यांदा हसला. नुसत्या तिच्या आवाजाची वेव्ह काढून त्याला दिली.

कार्यक्रमाला सासूबाई पुढं खुर्चीत, शेजारी बायको. मी मागं, पडद्याकडं कमी आन सासूबाईंकडं जास्त बघत उभा. फोटो सुरू झाले, गाणं लागलं. सासूबाईंनी कानामागं हात धरला. थोड्या वेळानं तो खाली घेतला. मला वाटलं, गेलं सगळं वाया. पण त्यांनी पडदा सोडला आन लेकीकडं बघितलं. लेक तर तोंड मिटून बसलेली. तरीबी त्या तिला म्हणल्या,

"बये, गाताना मधी दम घेत जा. बारकी होती तवापासून तुझं हेच."

बायकोनं मान हलवली आन खरंच एक मोठा श्वास घेतला.